नवीन खात्याचं '१५००?' रेटिंग: अन्याय कोणावर, नव्यावर की समोरच्यावर?

किनारा_६४ (रत्नागिरी)

मे महिन्याच्या सुट्टीतल्या बुद्धिबळ वर्गासाठी विचारतोय. वीस मुलं आहेत, वय नऊ ते चौदा. नियम सगळ्यांना येतात, दोन खेळींतली मात दिसते, पण बाहेरच्या कोणाशी खेळण्याचा सराव नाही. लिचेसवर, म्हणजे ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर, खाती उघडली की प्रत्येकाला १५०० रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) मिळतं आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्यानंतर दोन्ही बाजूंनी तक्रारी येतात.

पालक म्हणतात: सहा डाव हरल्यावर मुलाचे साडेसहाशेच्या वर गुण गेले, आणि समोरच्यांचे प्रत्येकी चार-सहाच वाढले. मग मधले गुण गेले कुठे?

गावातले नेहमीचे खेळणारे म्हणतात: प्रश्नचिन्हवाल्याशी रेटेड (रेटिंगमध्ये धरला जाणारा) डाव नको. जिंकलो तर हाती काही नाही, आणि तो कोणी तगडा निघाला तर आपलं नुकसान.

माझे प्रश्न तीन. हा हिशेब नेमका चालतो कसा? मुलांनी आधी आपापसांत खेळून रेटिंग 'बसवून' मग बाहेर खेळावं का? आणि पुढे फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) स्पर्धेत उतरायचं तर या आकड्याचा काही उपयोग आहे का?

काळाउंट (मालवण)

पहिल्या प्रश्नाचं सविस्तर सांगतो, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे.

लिचेस ग्लिको-२ पद्धत वापरतं, चेस डॉट कॉम ही दुसरी साइट मूळ ग्लिको. दोन्हींचे कर्ते मार्क ग्लिकमन. त्याआधीची एलो पद्धत, जी अर्पाद एलो यांनी बांधली आणि फिडेने १९७० मध्ये घेतली, तीत खेळाडूमागे एकच आकडा असतो. ग्लिकोत दोन असतात: रेटिंग, आणि त्या रेटिंगवर किती भरवसा ठेवायचा ते सांगणारं विचलन. याला आरडी (रेटिंग डेव्हिएशन) म्हणतात. लिचेसवर नव्या खात्याची आरडी ५०० असते. ढोबळ अर्थ असा, की खरी ताकद रेटिंगच्या दोन आरडी खाली ते दोन आरडी वर यात कुठेतरी आहे. म्हणजे ५०० ते २५०० मध्ये कुठेही! '१५००?' याचा अर्थ 'आम्हाला अजून काही माहीत नाही' इतकाच. आरडी ११० च्या खाली आली की प्रश्नचिन्ह जातं.

आंब्याची पेटी उघडून एक फळ कापलं तर पूर्ण पेटीबद्दलचं मत एका फळाने खूप बदलतं. वीस कापून झाल्यावर एकविसाव्याने फारसं बदलत नाही. आरडीचं काम तेच.

आता आकडे. समजा समोरचा प्रत्येक वेळी मुलाच्या त्या क्षणीच्या रेटिंगएवढाच आहे आणि त्याची आरडी ५० आहे, म्हणजे मुरलेला खेळाडू. मुलगा लागोपाठ सहा डाव हरला तर ग्लिकोच्या सूत्राने अनुक्रमे साधारण २३५, १४१, १०१, ७८, ६४ आणि ५४ गुण जातात. बेरीज ६७३, रेटिंग ८२७ च्या आसपास. पालकांनी सांगितलेला आकडा या हिशेबात बसतो. सहा डावांत सूत्राने मुलाला त्याच्या खऱ्या पातळीजवळ आणून सोडलं. दरवेळी दहा-दहा गुणच कापले असते तर तो साठ-सत्तर डाव सतत हरत राहिला असता, आणि नऊ वर्षांच्या मुलाने तेवढ्यात पट गुंडाळून ठेवला असता.

मधले गुण कुठे गेले? कुठेच नाही. ग्लिकोत एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गुण जात नाहीत. प्रत्येकाचा अंदाज त्याच्या त्याच्या आरडीप्रमाणे स्वतंत्र सुधारला जातो.

आता गावातल्या खेळणाऱ्यांच्या तक्रारीकडे. आरडी ५० असलेला खेळाडू आपल्याएवढ्याच रेटिंगच्या मुरलेल्या खेळाडूशी हरला तर त्याचे सुमारे ७ गुण जातात. त्याच रेटिंगच्या पण कोऱ्या खात्याशी, म्हणजे आरडी ५०० असताना, हरला तर सुमारे ४. जिंकला तरी तेवढेच वाढतात. समोरच्याबद्दल खात्री नसेल तर त्या निकालाचं वजनच सूत्र कमी धरतं. नव्याने पाच डाव खेळले की त्याची आरडी १५० च्या जवळ येते आणि त्याच्याशी हरण्याची किंमत ६ पर्यंत चढते. 'तगडा निघाला तर नुकसान' ही भीती चार गुणांची आहे. एवढ्यासाठी नव्या पोरांना टाळू नये, त्यांना मुरलेल्या खेळाडूंची सर्वात जास्त गरज याच दहा डावांत असते.

प्यादं_एफ४ (देवगड)

उंटदादा, हिशेब बरोबर आहे, पण अन्याय नाही असं मला पटत नाही. आकडा बरोबर जागी पोचतो हे खरं, पण पोचेपर्यंतचे सहा पराभव मुलाच्या वाट्याला येतात. सूत्रासाठी ती माहिती असते. मुलाला मात्र हिरव्या, म्हणजे वाढीच्या, आकड्याची वाट पाहताना सहा वेळा लाल आकडा दिसतो, पहिल्या तीन वेळा तर तीन अंकी.

१५०० ही लिचेसच्या मापाची मधली जागा आहे, नवशिक्याची नाही. सुरुवात १००० वरून केली असती तर सगळं माप कालांतराने खाली सरकलं असतं, फरक तेवढेच राहिले असते, हे मान्य. चेस डॉट कॉमवर खातं उघडताना आपली पातळी विचारतात आणि सुरुवातीचं रेटिंग त्यावरून ठरतं. यात नवशिक्याचे पहिले डाव सुसह्य होतात, पण सगळं खेळणाऱ्याच्या सांगण्यावर. काकांनी मुलाचं कौतुक म्हणून वरची पातळी निवडली की पुन्हा तेच पराभव. मुद्दाम खालची निवडली की खालच्या दहा-पंधरा जणांचं नुकसान. तिथे पातळी निवडायची वेळ आली तर मुलाला ज्याची खात्री आहे त्याच्या एक पायरी खालची निवडा, वर चढायला दोन-तीन विजय पुरतात. आणि दोन साइटचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. खालच्या पातळ्यांवर लिचेसचा आकडा साधारण मोठा दिसतो, माप वेगळं आहे.

वर्गासाठी लिचेसवर असं करता येईल. पहिला आठवडा रेटेड डाव नकोतच. संगणकाशी खेळायला आठ पायऱ्या आहेत आणि त्या डावांचा रेटिंगवर परिणाम होत नाही. पहिली पायरी सलग तीनदा जिंकल्याशिवाय दुसरी नाही, असं चालवा. तिसऱ्या पायरीपर्यंत पोचलेलं मूल वजीर फुकट देत नाही, एवढी खात्री होते. मग रेटेड. त्यासोबत प्राधान्यांमध्ये जाऊन खेळाडूंची रेटिंग दाखवण्याचा पर्याय बंद करा. फक्त डाव चालू असताना लपवायचाही पर्याय आहे. आकडा आत बदलत राहतो, मुलाला दिसत नाही. दहा डाव झाले की उघडा. तोपर्यंत तो '८४०' असतो आणि '१५०० वरून घसरलेला' वाटत नाही.

लॉबीत, म्हणजे प्रतिस्पर्धी शोधायच्या पानावर, प्रतिस्पर्ध्याच्या रेटिंगची मर्यादा ठरवायची पट्टी दिसेल. प्रश्नचिन्ह असेपर्यंत ती वापरता येत नाही, त्यामुळे 'फक्त माझ्याहून कमी' असा शोध नव्या खात्याला करता येणार नाही. पालक तिथेच अडकतात आणि ॲप बिघडलं समजतात.

लहान मुलांसाठी किड मोड चालू करायला विसरू नका, गप्पांची खिडकी बंद होते.

हत्ती_सातव्यावर (चिपळूण)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट: आपापसांत खेळून रेटिंग बसवू नका. वर्ग घेणाऱ्यांच्या हातून होणारी सगळ्यात मोठी चूक ही.

वीस मुलं, सगळ्यांची खरी ताकद समजा ८०० च्या आसपास, आणि सगळी १५०० वर. ती एकमेकांशीच रेटेड खेळली तर कोणी १८०० ला जाईल, कोणी १२०० ला, पण गटाची सरासरी १५०० च्या जवळच राहणार. एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतो, दोघांची आरडी सारखी असेल तर वाढ-घट जवळपास सारखीच. बाहेरच्या जगाच्या मानाने हा गट ७०० गुणांनी फुगलेला आहे ही बातमी सूत्रापर्यंत पोचायला मार्गच नाही. आंब्याचंच उदाहरण पुढे न्यायचं तर एकाच झाडाची फळं एकमेकांशी ताडून कोणतं मोठं ते कळेल, बाजारात ते कितव्या प्रतीचं ते नाही.

त्याहून वाईट पुढे. डाव होत जातात तशी आरडी उतरते. दोन कोऱ्या खात्यांचा डाव झाला तर जिंकणाऱ्याला सुमारे २४१ मिळतात आणि त्याची आरडी ५०० वरून ३९७ वर येते. तोच डाव मुरलेल्या खेळाडूशी झाला असता तर २८८ वर आली असती. म्हणजे आपापसांतल्या डावांतून माहिती कमी मिळते, पण मिळत राहते, आणि काही आठवड्यांत प्रश्नचिन्ह जातं. आता सूत्र चुकीच्या आकड्यावर खात्रीने बसलंय. असा १६०० वाला मुलगा बाहेर पडला की प्रत्येक पराभवाला थोडेथोडेच गुण जाणार आणि सातशे गुण उतरायला त्याला कितीतरी डाव हरावं लागणार. सहा डावांचं दुःख टाळायला गेलात आणि महिन्याभराचं ओढवून घेतलंत.

म्हणून वर्गातले डाव कॅज्युअल, म्हणजे रेटिंग न बदलणारे, ठेवा. वर्गाची टीम करून स्पर्धा घेतलीत तर ती तयार करताना रेटेडची खूण काढून टाका. मुलांचे पहिले दहा-बारा रेटेड डाव बाहेरच्यांशी होऊ द्या. बरोबरीच्या मुरलेल्या खेळाडूंशी दहाएक डावांत आरडी ११० च्या खाली येते. समोरचा चारशे गुणांनी वर किंवा खाली असेल तर निकाल जवळपास ठरलेलाच असतो, त्यातून सूत्राला बरोबरीच्या डावाच्या एक तृतीयांश एवढीच माहिती मिळते. खूप तगड्याशी दहा डाव हरून रेटिंग 'बसत' नाही ते यामुळे.

दहा डावांनंतर वर्गातही रेटेड चालेल, कारण मग प्रत्येकाचा आकडा बाहेरच्या मापाला बांधलेला असेल.

घड्याळवाला (अलिबाग)

घड्याळाबद्दल आणि रेंजबद्दल कोणी बोललं नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर नव्या खात्यांचे गुण सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात.

वरच्या हिशेबात पहिला डाव हरल्याची किंमत २३५ आहे. तिसाव्या डावाला तीच साडेअकराच्या जवळ येते. म्हणजे वीज गेली, राउटर बंद पडला आणि डाव हातचा गेला, तर तो कितवा डाव होता यावर नुकसान ठरतं. जूनमध्ये पाऊस लागल्यावर खाती उघडण्यापेक्षा पहिले दहा डाव मे महिन्यातच, सकाळी, उरकून घ्या. वळवाचा गडगडाट बहुधा दुपारनंतर सुरू होतो. डाव सुरू करण्याआधी मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा, वायफाय गेलं की लगेच जोडता येतं. जोडणी तुटली तरी घड्याळ चालूच राहतं, आणि बराच वेळ परत आला नाहीत तर समोरच्याला विजयाचा दावा करता येतो.

वेळेची निवड महत्त्वाची. ३+० मध्ये, म्हणजे तीन मिनिटं आणि खेळीमागे वाढीव वेळ शून्य, चाळीस सेकंद जोडणी गेली तर सगळ्या वेळेच्या पाचव्या भागाहून जास्त वेळ गेला. १०+५ मध्ये मूळ दहा मिनिटांतला पंधरावा भाग, आणि नंतर प्रत्येक खेळीला पाच सेकंद मिळत राहतात. पोरांना शेवटी हत्तीने मात करताना ते पाच सेकंदच वाचवतात.

अजून एक गोष्ट हमखास चुकते. प्रत्येक प्रकाराचं रेटिंग वेगळं असतं आणि प्रत्येकाची आरडी वेगळी सुरू होते. लिचेस डावाची अंदाजे लांबी काढतं: सुरुवातीची सेकंदं अधिक चाळीस गुणिले वाढीव सेकंदं. १८० पासून ४८० सेकंदांच्या खाली ब्लिट्झ, ४८० पासून १५०० च्या खाली रॅपिड, त्यापुढे क्लासिकल. त्यामुळे ५+३ म्हणजे ४२० सेकंद, ब्लिट्झ. ५+५ म्हणजे ५००, रॅपिड. मुलगा आज हे, उद्या ते खेळला तर दहा डाव होऊनही दोन्हीकडे प्रश्नचिन्ह तसंच. एक वेळ ठरवा, १०+५ म्हणजे ८०० सेकंद, आणि महिनाभर तीच.

यातूनच हेही कळेल की प्रश्नचिन्हवाला नेहमी नवशिका नसतो. ब्लिट्झमध्ये मुरलेला माणूस क्लासिकलमध्ये पहिल्यांदा उतरला तरी तिथे प्रश्नचिन्ह घेऊनच येतो. समोरच्याच्या नावावर जाऊन बाकीच्या प्रकारांतले आकडे बघा, पाच सेकंदांचं काम आहे.

किनारा_६४ (रत्नागिरी)

मनापासून आभार. वर्गाच्या स्पर्धा आज कॅज्युअल केल्या. दोन गोष्टी राहिल्या: मुद्दाम नवं खातं काढून खाली खेळणारे तगडे लोक, आणि फिडेचं.

काळाउंट (मालवण)

सर, तगड्या लोकांबद्दल. जो सरळ खेळून जिंकत जातो त्याचा त्रास थोडा वेळच असतो, दोनशे-दीडशेच्या उड्या मारत तो पाच-सहा डावांत वर निघून जातो. खरा अन्याय करतो तो मुद्दाम हरून स्वतःला खाली ठेवणारा. वीस डाव झालेले, आरडी उतरलेली, आणि खेळ मात्र आकड्याहून पाचशेने वरचा. त्याच्याशी हरल्यावर पूर्ण वजनाने गुण जातात. खेळांच्या यादीत पाचव्या-सहाव्या खेळीला सोडून दिलेले डाव आणि मधूनच एखादा अगदी बिनचूक विजय, असं दिसलं की त्या खात्याची तक्रार करा. संगणकाची मदत घेणारा पकडला गेला तर त्याच्याशी हरलेल्यांना दोन्ही साइट गुण परत देतात. तक्रार करण्यात संकोच नको, मुलांनाही ते बटण कुठे आहे ते दाखवून ठेवा.

हत्ती_सातव्यावर (चिपळूण)

फिडेचं: ऑनलाइन आकडा तिथे कुठेही धरत नाहीत. पण नव्या खेळाडूच्या बाबतीत पटावरची पद्धत कशी वेगळी आहे ते पाहण्यासारखं आहे.

पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात. १ मार्च २०२४ पासून खालची मर्यादा १००० वरून १४०० झाली, आणि पहिल्या रेटिंगच्या हिशेबात १८०० च्या दोन काल्पनिक खेळाडूंशी बरोबरी झाली असं धरतात. उदाहरण घ्या. पाच प्रतिस्पर्धी १४५०, १४८०, १५००, १५२०, १५५० आणि मुलाचे गुण २. दोन काल्पनिक धरून सात जणांची सरासरी १५८६, गुण सातपैकी ३, म्हणजे ४३ टक्के. फिडेच्या तक्त्यात त्याला उणे ५० आहेत. पहिलं रेटिंग १५३६. थोड्याच डावांवरून नवा खेळाडू फार वर किंवा फार खाली फेकला जाऊ नये, हे ते दोन काल्पनिक डाव सांभाळतात. आणि पहिल्याच स्पर्धेत शून्य गुण आले तर ती स्पर्धा हिशेबातच घेत नाहीत, पालकांना हे आधी सांगून ठेवा.

त्यानंतर पहिल्या ३० डावांना के (एका डावाने जास्तीत जास्त किती गुण हलू शकतात तो आकडा) ४० असतो, आणि अठरा वर्षांखालच्यांना २३०० च्या खाली असेपर्यंत ४० च. बरोबरीच्या खेळाडूला हरवलं की २० गुण. समोर के २० वाला मोठा खेळाडू असेल तर त्याचे १० जातात. एलोमध्ये 'हा नवा आहे, निकालाचं वजन कमी धरा' अशी सोय नाही. रेटिंग नसलेल्याशी झालेला डाव मोठ्याच्या हिशेबात येत नाही, पण पहिलं रेटिंग मिळालं की लगेच पूर्ण वजन. मे महिन्यात भराभर सुधारलेल्या मुलाशी हरलेल्या जुन्या खेळाडूंची नाराजी इथे मात्र खरी आहे, ऑनलाइनपेक्षा कितीतरी जास्त.

प्यादं_एफ४ (देवगड)

सुधारणेवरून एक. मुलं मे महिन्यात खेळतात, शाळा सुरू झाली की खातं पडून राहतं, पुढच्या मेमध्ये पुन्हा उघडतात. लिचेसवर न खेळता आरडी हळूहळू वाढते, ६० ची ११० व्हायला वर्षभर लागेल अशा बेताने. म्हणजे चौतीसएक डाव खेळून ६० ला आलेलं मूल पुढच्या सुट्टीत पुन्हा प्रश्नचिन्हाच्या उंबरठ्यावर असतं. 'गेल्या वर्षी गेलेलं चिन्ह परत का आलं' म्हणून नवं खातं काढू देऊ नका. जुन्यावरच खेळू द्या. वर्षभरात ते दोनशेने सुधारलं असेल तर वाढलेली आरडीच त्याला लवकर वर नेते.

घड्याळवाला (अलिबाग)

आणि घरात एक फोन, दोन भावंडं असतील तर दोन खाती, खेळून झालं की लॉग आउट. ताईच्या खात्यावर धाकटा खेळला की आकडा दोघांच्या मधे कुठेतरी बसतो आणि दोघांनाही चुकीचे प्रतिस्पर्धी मिळतात. त्या दोघांनी एकमेकांशी खेळायचं ते कॅज्युअलच.